लाकूड तापवल्यावर त्यात नेमके काय बदलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाहेर उघड्यावर राहणारा एक बाक आणि डेकच्या, म्हणजे उघड्यावरच्या लाकडी फरशीच्या, फळ्या करायच्या आहेत. त्यासाठी 'हीट ट्रीटेड' लाकूड सुचवले गेले आहे. विकणाऱ्याचे म्हणणे असे, की हे लाकूड फुगत नाही, कुजत नाही, त्याला कीड लागत नाही आणि ते साध्या लाकडापेक्षा मजबूत असते. यातले खरे किती, आणि साध्या फळ्या घरच्या ओव्हनमध्ये तापवून हाच गुण आणता येईल का, असे विचारले आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणे. न फुगण्याचा दावा बराचसा खरा आहे. न कुजण्याचा दावाही खरा आहे, पण मातीला टेकलेल्या लाकडाला तो लागू होत नाही. किडीचा दावा अर्धाच खरा आहे आणि वाळवीच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. मजबुतीचा दावा मात्र उलटा आहे. तापवलेले लाकूड मूळ लाकडापेक्षा कमकुवत आणि ठिसूळ होते. ओव्हनचा विचार तर सोडूनच द्यावा. मी बरीच वर्षे या लाकडात काम करतो आहे आणि ते मला मनापासून आवडते. म्हणूनच त्याच्याबद्दल चुकीचे काही सांगितले जाते तेव्हा वाईट वाटते, कारण चुकीच्या जागी वापरलेली फळी मोडली की दोष लाकडाला लागतो.

निम्मा घोळ शब्दाचा आहे. 'हीट ट्रीटमेंट' हे एकच नाव चार वेगळ्या कामांना लावले जाते. मालाच्या पेट्या आणि पॅलेट यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि जवळच 'एचटी' अशी अक्षरे उमटवलेली असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की त्या लाकडाचा आतला भागसुद्धा सलग किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसला होता. हे चिन्ह आयएसपीएम १५ या २००२ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचे आहे आणि एका देशातली कीड पॅकिंगच्या लाकडातून दुसऱ्या देशात जाऊ नये हा त्याचा हेतू. ५६ अंशांना अळ्या मरतात, लाकूड आहे तसेच राहते. असे पॅलेट मोडून केलेला बाक साध्या पाइनइतकाच लवकर कुजेल, आणि त्याला पुढे नवीन कीडही लागू शकेल. दुसरे काम भट्टीतल्या सीझनिंगचे, म्हणजे लाकूड सुकवण्याचे. ते साधारण ५० ते ८० अंशांना चालते. त्यात पाणी जाते, पण लाकडाचा स्वभाव तोच राहतो आणि दमट हवेत ठेवले की ते पुन्हा पाणी ओढते. तिसरे काम वाफवण्याचे, म्हणजे १०० अंशांच्या आसपास, वाकवण्यासाठी किंवा रंग एकसारखा करण्यासाठी. चौथे काम १६० ते २४० अंशांचे, जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत. लाकूड कायमचे बदलते ते फक्त या चौथ्या कामात. त्याला थर्मल मॉडिफिकेशन म्हणतात, आणि पुढे मी 'तापवलेले लाकूड' म्हणेन ते याच अर्थाने. विकणाऱ्याला पहिला प्रश्न तापमानाचा विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तो कोणत्या लाकडाबद्दल बोलतो आहे हे त्यालाही माहीत नाही असे समजा.

कमी तापमानाचा परिणाम अगदीच होत नाही असे नाही. लाकूड गरम असताना त्याची ताकद कमी होते, आणि थोडा वेळच तापले असेल तर थंड झाल्यावर परत येते. पण साधारण ६५ अंशांच्या वर ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहिले तर नुकसान कायमचे होते. वाफेच्या पाइपाला किंवा बॉयलरला लागून असलेली जुनी तुळई पाहिली असेल, तर ती काळपट पडून हाताने कुस्करण्याइतकी मऊ झालेली दिसते. तिला कोणी २०० अंशांना तापवलेले नसते. तापमान आणि वेळ यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. ओल्या लाकडाचे नुकसान कोरड्यापेक्षा लवकर होते आणि रुंदपर्णी झाडांच्या लाकडाचे सूचिपर्णींपेक्षा लवकर.

आता आत काय घडते ते पाहू. लाकडाचे वजन मुख्यतः तीन पदार्थांचे असते. सेल्युलोज ४० ते ५० टक्के, हेमिसेल्युलोज २० ते ३५ टक्के आणि लिग्निन २० ते ३० टक्के, झाडाच्या जातीप्रमाणे कमीजास्त. सेल्युलोजचे लांब, घट्ट वळलेले धागे ओढ सहन करतात. लिग्निन त्यांना जागच्या जागी धरून ठेवते आणि दाब सहन करते. हेमिसेल्युलोज या दोघांना जोडते. ते आखूड, फांद्या फुटलेले आणि विस्कळीत असते. पाण्याला धरून ठेवणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांपर्यंत पाण्याला सगळ्यात सहज इथेच पोचता येते. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्याला सर्वात जास्त जबाबदार हेच.

उष्णतेपुढे पहिले हेच हार खाते. हेमिसेल्युलोजला चिकटलेले अ‍ॅसिटिल गट सुटतात आणि त्यांचे अ‍ॅसेटिक आम्ल होते, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. ते आम्ल तिथेच राहून उरलेले हेमिसेल्युलोज आणखी वेगाने तोडते. लाकूड आपल्या मोडतोडीचे रसायन आपणच तयार करते, बाहेरून काहीही घालावे लागत नाही. तुटलेल्या साखरांपासून फर्फ्युराल आणि तशीच इतर द्रव्ये बनतात. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या फळ्यांना आंबूस, किंचित धुरकट, करपलेल्या साखरेसारखा वास येतो तो यांचाच, आणि तो काही आठवडे टिकतो. लिग्निन दरम्यान मऊ होते आणि त्याचे रेणू एकमेकांत नव्याने गुंफले जातात. सेल्युलोजचा घट्ट स्फटिकी भाग जवळपास शाबूत राहतो, पण तापमान वाढत गेले की त्याच्याही साखळ्या तुटून आखूड होऊ लागतात. राळ आणि इतर उडून जाणारी द्रव्ये निघून जातात, म्हणून तापवलेल्या पाइनमधून उन्हात राळ पाझरत नाही.

रुंदपर्णी झाडांच्या हेमिसेल्युलोजमध्ये अ‍ॅसिटिल गट जास्त असतात, म्हणून आम्लही जास्त सुटते. त्यामुळे अ‍ॅश, बीच, बर्च यांना पाइन आणि स्प्रूसपेक्षा कमी तापमानावर थांबवावे लागते. फिनलंडच्या प्रचलित पद्धतीत दोन दर्जे आहेत. स्थिरतेसाठीच्या दर्जात सूचिपर्णी लाकूड १९० अंशांच्या आसपास आणि रुंदपर्णी १८५ च्या आसपास तापवतात. बाहेरच्या वापरासाठीच्या दर्जात हेच आकडे २१२ आणि २०० होतात. पंधरा ते बावीस अंशांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण हातात घेतल्यावर ती दोन वेगळी लाकडे असतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅडिसन इथल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेत अल्फ्रेड स्टॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्येच वेगवेगळ्या वायूंमध्ये लाकूड तापवून त्याचे फुगणे कमी होते हे दाखवले होते. १९४६ मध्ये त्यांनी वितळलेल्या धातूत लाकूड बुडवून तापवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्या लाकडाला 'स्टेबवुड' असे नाव दिले. ते बाजारात चालले नाही, कारण स्थिरता मिळाली तरी ताकद फार गेली. १९९० च्या दशकात फिनलंडने वाफेची पद्धत, फ्रान्सने नायट्रोजनची, नेदरलंड्सने आधी ओल्या आणि मग कोरड्या उष्णतेची आणि जर्मनीने गरम वनस्पती तेलाची पद्धत व्यवहारात आणली. साधने वेगळी असली तरी सगळ्यांचा उद्देश एकच. लाकूड २०० अंशांच्या आसपास न्यायचे, पण त्याला ऑक्सिजन मिळू द्यायचा नाही आणि तापमान सगळीकडे सारखे ठेवायचे.

वाफेच्या भट्टीचा क्रम असा असतो. तापमान आधी १०० पर्यंत झपाट्याने आणि मग सावकाश १३० पर्यंत चढवतात. या टप्प्यात लाकडातले पाणी जवळजवळ शून्यावर येते. सर्वात जास्त वेळ इथे जातो आणि घाई केली तर तडेही इथेच पडतात. नंतर ठरलेल्या कमाल तापमानाला नेऊन दोन-तीन तास ठेवतात. मग पाण्याचे फवारे मारत ८०-९० पर्यंत उतरवतात आणि शेवटी लाकडाला ४ ते ७ टक्के ओल परत देतात. ओल परत देण्याचा हा टप्पा महत्त्वाचा आहे. ठणठणीत कोरडे लाकूड करवतीखाली काचेसारखे तडकते. ज्या मालाच्या कडा रंधा मारताना फुटून निघतात, त्यात बहुतेक वेळा हा शेवटचा टप्पा उरकून टाकलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

आता फायद्याकडे. साधे लाकूड २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत १२ टक्क्यांच्या आसपास ओल धरते. चांगले तापवलेले लाकूड त्याच हवेत ५ ते ७ टक्क्यांवर थांबते. फुगणे-आकसणेही जोरकस प्रक्रियेत ४० ते ५० टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्षात याचा अर्थ काय? सपाट कापाची १२० मिलिमीटर रुंदीची पाइनची फळी कोरड्या आणि दमट ऋतूंमध्ये सुमारे अडीच मिलिमीटर रुंद-अरुंद होते. तीच तापवलेली असेल तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास हलते. खिडकीची झडप अडकणे किंवा न अडकणे याच फरकावर ठरते. फळीला बाक येणे आणि पीळ पडणे हेही त्याच प्रमाणात कमी होते. मी दारे-खिडक्यांच्या चौकटींसाठी हे लाकूड निवडतो ते या एका गुणासाठी, टिकाऊपणा त्यानंतर.

'फुगत नाही' आणि 'कमी फुगते' यातला फरक मात्र विसरू नका. पाण्यात बुडवले तर तापवलेले लाकूडही पाणी पिते, फक्त सावकाश. शिवाय कोरड्या हवेत तापवलेल्या काही लाकडांत स्थिरतेचा थोडा भाग तात्पुरता असतो. एकदा चांगले भिजून सुकले की तो निघून जातो, कारण तो रासायनिक बदलाचा नसतो, आतल्या रचनेने उष्णतेत आवळून बसण्याचा असतो. म्हणून नमुना तपासायचा तर आधी एकदा पूर्ण भिजवून, सुकवून, मग मोजावा.

मजबुतीबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण अपघात होतात ते इथेच. सुतारकामात आपण 'मजबूत' हा शब्द तीन गोष्टींना वापरतो. भाराखाली फळी किती वाकते, म्हणजे ताठपणा. किती भाराला मोडते, म्हणजे मोडबळ. आणि अचानक बसलेला दणका किती सोसते, म्हणजे चिवटपणा. तापवल्यावर या तिन्ही गोष्टी एकसारख्या बदलत नाहीत. ताठपणा जवळजवळ तसाच राहतो. सौम्य प्रक्रियेत तो किंचित वाढतोही, कारण लाकूड कोरडे असते. मोडबळ १० ते ३० टक्क्यांनी घटते आणि प्रक्रिया कडक झाली तर त्याहून जास्त. चिवटपणा सगळ्यात जास्त जातो. जोरकस प्रक्रियेत तो निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो.

हाताला फसवणारी गोष्ट हीच आहे. फळी हातात घेऊन वाकवून पाहिली तर ती साध्या फळीइतकीच ताठ लागते, ठोकली तर खणखणीत वाजते आणि माणसाला वाटते की लाकूड मजबूत झाले. पण साधे अ‍ॅश मोडताना आधी कुरकुरते, तंतू उसवतात, लांब कुसळे निघतात आणि सावध व्हायला वेळ मिळतो. तापवलेले अ‍ॅश काहीही न सांगता तुटते आणि तुटलेली जागा आखूड, बिस्किटासारखी दिसते. हेमिसेल्युलोजचे दुवे गेल्यामुळे धागे एकमेकांना भार वाटून देऊ शकत नाहीत. एका धाग्याला पडलेली चीर थांबवणारे मध्ये कोणी उरत नाही.

सुरुवातीच्या काळात मी एका बागेतल्या बाकाच्या पट्ट्या तापवलेल्या पाइनच्या केल्या होत्या. साध्या पाइनला जे अंतर चालते तेच अंतर आधारांमध्ये ठेवले. दोन ऋतू काही झाले नाही. मग एक मुलगा बाकावरून उडी मारायला चढला आणि एक पट्टी गाठीपाशी काडीसारखी तुटली. सुदैवाने तो फक्त खरचटला. पट्टीवर भार फार नव्हता, पण दणका होता, आणि गाठ होती. तापवताना राळ निघून गेल्याने पाइनमधल्या गाठी सैल होतात, कधी गळूनही पडतात. त्या दिवसानंतर मी बसायच्या पट्ट्यांसाठी गाठी नसलेला माल निवडतो आणि आधार जवळ आणतो. शिडीचे पायटे, हातोड्याचे दांडे, खुर्चीचे पाय, छपराच्या तुळया यांना मी हे लाकूड कधीही वापरत नाही आणि कोणाला वापरूही देत नाही.

'आगीत धरून भाला कठीण करतात' हे सगळ्यांनी ऐकलेले असते आणि मजबुतीचा गैरसमज बहुधा तिथूनच येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात हेझेलच्या काठ्या आगीवर धरून मोजमाप केले गेले. पृष्ठभाग थोडासा कठीण झाला, पण काठी बरीच कमकुवत आणि ठिसूळ झाली. टोक लवकर घासून घडवता येते, हा फायदा त्या जुन्या कारागिरांना मिळत असावा. भट्टीतून आलेल्या फळीचेही तसेच आहे. नखाने दाबून तिचा कठीणपणा फारसा बदललेला जाणवत नाही, पण छिन्नी लावली की ती सहज दुभंगते.

कुजण्याचा प्रश्न पाण्याशी बांधलेला आहे. कुजवणाऱ्या बुरशीला पेशींच्या भिंतीत भरपूर ओल लागते, साध्या लाकडात पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपास. तापवलेल्या लाकडाच्या भिंतीत तेवढे पाणी मावतच नाही, आणि बुरशीचे सोपे खाद्य असलेले हेमिसेल्युलोजही बरेचसे गेलेले असते. म्हणून एरवी कमी टिकणारा पाइन बाहेरच्या दर्जाची प्रक्रिया केल्यावर युरोपीय वर्गवारीत टिकाऊ लाकडांच्या रांगेत बसतो. पण मातीत पुरलेल्या खांबाची गोष्ट वेगळी. तिथे लाकूड सतत भिजलेले राहते, जिवाणू आणि मऊ कुज करणाऱ्या बुरशी वेगळ्या पद्धतीने काम करतात, आणि थोडीशी कुजसुद्धा आधीच ठिसूळ असलेल्या खांबाला पुरते. पृष्ठभागावर काळी बुरशी तर तापवलेल्या लाकडावरही येते. ती पुसली जाते आणि ताकदीला धक्का लावत नाही, एवढेच.

वाळवीला हे लाकूड चालते. सेल्युलोज तसेच आहे आणि तेच तिचे अन्न. काही चाचण्यांत तर वाळवीने तापवलेले लाकूड साध्यापेक्षा जास्त खाल्लेले आढळले आहे. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या जीवांपुढेही याचा टिकाव लागत नाही. लाकूड पोखरणाऱ्या काही भुंगेऱ्यांपासून मात्र संरक्षण मिळते. वाळवी असलेल्या जागी डेक करायचा असेल तर फळ्या जमिनीपासून उंच, धातूच्या किंवा सिमेंटच्या टेकूंवर ठेवा आणि खाली डोकावून पाहायला जागा सोडा.

रंगाने बहुतेक गिऱ्हाइके भाळतात आणि नंतर नाराजही त्याच्यावरूनच होतात. तापमान वाढते तसा रंग मधासारख्या तपकिरीपासून कॉफीसारख्या गडदपर्यंत जातो, आणि फळीच्या पूर्ण जाडीत जातो, नुसता वर नाही. पण तो ऊन सोसत नाही. अतिनील किरण लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी राखाडी होते. साधे लाकूडही तसेच होते, फक्त इथे आधीचा रंग गडद असल्याने फरक डोळ्यात भरतो. रंग टिकवायचा असेल तर रंगद्रव्य घातलेले तेल लावा आणि ते ठरावीक काळाने पुन्हा लावायची तयारी ठेवा. पारदर्शक तेलाने ऊन अडत नाही. मला स्वतःला तो रुपेरी राखाडी आवडतो, पण गिऱ्हाइकाला तो पहिल्याच दिवशी नमुन्यावर दाखवतो.

कामाच्या ठिकाणी काही सवयी बदलाव्या लागतात. पाती धारदारच हवीत, बोथट पाते कडा फोडते. राउटर (कडा आणि खाचा कोरण्याचे यंत्र) टोकाला नेण्याआधी मागे एक फालतू तुकडा दाबून धरा. भुसा अतिशय बारीक आणि कोरडा असतो, हवेत तरंगतो, फुफ्फुसात जातो आणि ठिणगी लागली तर भडकतो, त्यामुळे मास्क आणि चांगले डस्ट कलेक्टर ही चैन नव्हे. स्क्रू थेट पिळू नका. आधी भोक पाडा आणि टोकापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर सोडा, कारण लाकूड चिरते आणि आटेही कमी पकड घेतात. लाकूड आम्लधर्मी झालेले असते, म्हणून साधा लोखंडी खिळा ओल्या जागी गंजतो आणि काळे ओघळ सोडतो. स्टेनलेस स्टीलच वापरा.

डिंकाने मला एकदा चांगलाच धडा दिला. नेहमीचा पांढरा पीव्हीए लावून, नेहमीइतका वेळ क्लॅम्प ठेवून मी एक टेबलटॉप जोडला. दुसऱ्या दिवशी रंधा मारताना सांधा अलगद उघडला. या डिंकातले पाणी लाकडाने शोषून घ्यावे लागते, आणि हे लाकूड पाणी घ्यायलाच नाखूश. आता मी डिंक थोडा कमी पातळ निवडतो, क्लॅम्प दुप्पट वेळ ठेवतो. पॉलियुरेथेन डिंकाला घट्ट व्हायला ओल लागते आणि ती या लाकडात नसते, म्हणून एका बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारतो. पाण्यातले पॉलिशही सुरुवातीला थेंबाथेंबाने उभे राहते. तेलातले नीट मुरते.

ओल मोजायच्या सुयांच्या मीटरवर इथे विश्वास ठेवू नका. ते साध्या लाकडासाठी जुळवलेले असते. खात्री हवी असेल तर तुकडा वजन करून १०३ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि पुन्हा वजन करा. एक तुकडा सुकवायला ओव्हन चालतो.

फळ्या तापवायला मात्र चालत नाही. ओव्हनमध्ये हवा खेळती असते, म्हणजे ऑक्सिजन आहे. २०० अंशांच्या पुढे लाकडातून जळणारे वायू निघतात. पावणेतीनशेच्या आसपास विघटन स्वतःच उष्णता देऊ लागते आणि मग बटण बंद केले तरी तापमान चढत राहते. जाड फळीच्या आत हे कधी सुरू झाले ते बाहेरून कळत नाही. कार्बन मोनॉक्साइड, अ‍ॅसेटिक आम्ल आणि फॉर्मल्डिहाइड घरात पसरते ते वेगळेच. कारखान्यातली भट्टी वाफेने ऑक्सिजन पाच टक्क्यांखाली ठेवते आणि फळीच्या आत तापमापक घालून चालवतात, ते याच भीतीने.

वाफवणे मात्र छोट्या कारखान्यात जमते. तिथे उष्णतेचा परिणाम याच्या अगदी उलट होतो. पाणी सोबत असले की १०० अंशांच्या आसपास लिग्निन आणि हेमिसेल्युलोज मऊ पडतात, धागे एकमेकांवर सरकू शकतात आणि लाकूड वाकते. जाडीच्या दर अडीच सेंटिमीटरला सुमारे तासभर वाफ, हा जुना हिशेब अजूनही चालतो. वाफवलेले लाकूड दाबाखाली बरेच आखडते, पण ताणाखाली टक्का-दोन टक्क्यांच्या पलीकडे लांबत नाही. म्हणून बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी लावून वाकवतात. फर्निचर बनवणाऱ्या मिशाएल थोनेटने १८५९ मध्ये आणलेली १४ क्रमांकाची खुर्ची याच युक्तीवर उभी आहे. यासाठी हवेत सुकवलेले, वीस-पंचवीस टक्के ओल असलेले लाकूड घ्यावे. थर्मल मॉडिफिकेशन केलेले लाकूड वाफेवर वाकत नाही, मोडते. जे मऊ व्हायचे तेच त्यातून गेलेले असते.

वाद्ये बनवणारे हलक्या प्रक्रियेचे लाकूड गिटारच्या वरच्या पातळ फळीसाठी वापरतात, आणि त्याला कारण आहे. वजन थोडे घटते, ताठपणा टिकतो, आतल्या आत आवाज मुरणे कमी होते आणि हवामानाने सूर फारसा हलत नाही. दणका सोसायची गरज तिथे नसते. सॉनाच्या, म्हणजे गरम वाफेच्या स्नानाच्या खोलीतल्या, बाकांसाठी ते पसंत केले जाते कारण राळ येत नाही आणि उष्णतावहन वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी असल्याने बसताना चटका कमी लागतो.

माल निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. फळी मधोमध कापून आतला आणि बाहेरचा रंग ताडून पाहतो, आत फिकट असेल तर उष्णता आत पोचलेली नाही. एक पातळ पट्टी मोडून तुटलेली जागा पाहतो, फारच आखूड आणि भुसभुशीत तुटली तर माल जास्त भाजला गेला आहे. आणि प्रक्रियेत वजन किती घटले ते कारखान्याला विचारतो, कारण किती हेमिसेल्युलोज गेले ते तापमानापेक्षा वजनच जास्त खरे सांगते. बाहेरच्या वापराला साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मधली घट असते. पंधराच्या पलीकडे गेलेली फळी मी फक्त भिंतीच्या आच्छादनाला घेतो, पायाखाली नाही.

तुमच्या कामापुरते: डेकच्या वरच्या फळ्या तापवलेल्या पाइनच्या किंवा अ‍ॅशच्या, बाहेरच्या दर्जाच्या घ्या. त्यांच्याखालच्या आडव्या आधारांसाठी ते लाकूड घेऊ नका, तिथे न तापवलेले टिकाऊ लाकूड किंवा धातू वापरा, आणि दोन आधारांमधले अंतर साध्या फळ्यांना ठेवाल त्यापेक्षा कमी ठेवा. फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट सोडा. फुगण्यासाठी इतकी लागत नाही, पण पाणी आणि पालापाचोळा खाली जायला लागते. कापलेल्या टोकांना तेल पाजा, पाणी तिथूनच सर्वात वेगाने शिरते. बाकाची बसायची आणि टेकायची पट्टी तापवलेल्या, गाठी नसलेल्या लाकडाची चालेल. चौकट आणि पाय मात्र चिवट लाकडाचे करा, आणि पायांखाली दगडाची किंवा धातूची बैठक द्या, म्हणजे साचलेले पाणी टोकाच्या छेदातून वर चढणार नाही.